दाढीनंतर मानेवर पुटकुळ्या येतात? या चुका टाळा

अमळनेरला माझं दुकान आहे. वस्तरा हातात धरून २७ वर्षं झाली. वैशाखात आपल्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो, घामाने कॉलर भिजलेली असते आणि त्यातच लग्नसराई. दरवर्षी याच दिवसांत मानेवर लाल फोड घेऊन पोरं येतात आणि सगळे म्हणतात, पाती खराब निघाली. मी आधी एकच विचारतो: उलटा हात मारला का?

मारलेला असतोच. गाल गुळगुळीत लागला पाहिजे म्हणून केसाच्या उलट दिशेने रेझर ओढतात, तेही दाबून. तीन पात्यांचं रेझर असेल तर पहिली पाती केस ओढून वर काढते, मागची कापते आणि उरलेला खुंट कातडीच्या आत जातो. केस कुरळा असेल तर तो वाढताना बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो. शरीराला तो काट्यासारखा टोचतो, तिथे गाठ येते आणि त्यात जंतू शिरले की पू होतो. मानेवर केसांची दिशा जागोजागी बदलते, म्हणून त्रास तिथेच जास्त. बोटं फिरवून बघा, ज्या बाजूला हात सरळ घसरतो ती सुलटी. माझ्या दुकानात सुलटा हात एकदा, फार तर आडवा एकदा. उलटा कुणी कितीही मागितला तरी नाही.

पारोळ्याकडचा एक नवरदेव मी विसरू शकत नाही. हळदीच्या आधी तीन दिवस त्याने रोज घरीच दाढी केली, रोज उलटी. रेझर बाथरूममधल्या मगात पाण्यात पडलेलं असायचं आणि तेच त्याचा भाऊही वापरायचा. मानेवर फोड आले. त्यातला एक त्याने नखाने फोडला. लग्नाच्या सकाळी वडील त्याला घेऊन दुकानात आले, तेव्हा जबड्याखाली लिंबाएवढी सूज होती आणि अंग तापलेलं. मी म्हणालो, याला वस्तरा लावणार नाही, आधी डॉक्टरकडे न्या. वडील चिडले. "आज लगीन शे पोर्‍यानं, आनि तू नाही म्हनस?" मी तरी हात लावला नाही. गालावरची दाढी कात्रीने बारीक करून दिली आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, अँटिबायोटिक सुरू केलं. पोरगा मानेला पट्टी बांधून बोहल्यावर उभा राहिला. चार दिवस आधी कुणी थांबवलं असतं तर हे टळलं असतं, हे आजही मनाला लागतं.

म्हणून फोड आले की दाढी बंद. आत वळलेले केस सुटून बाहेर यायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढे दिवस ट्रिमरने थोडे खुंट ठेवून कापा. कोमट पाण्याचा फडका दिवसातून दोनदा शेका. सुईने उकरू नका. नाकाजवळचा आणि वरच्या ओठावरचा फोड तर अजिबात दाबू नका, तिथल्या शिरांचा संबंध थेट मेंदूकडच्या शिरांशी आहे. ताप आला, सूज पसरली किंवा साखरेचा आजार असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका.

दुसरी चूक मला पहिलीइतकीच खुपते: मेडिकलमधून कुठलंही मलम मागून आणणं. दाढीत गजकर्ण झालेलं असतं, त्यावर स्टेरॉइड मिसळलेलं मलम चोळतात. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो आणि खाली बुरशी पसरत राहते. असे स्टेरॉइडचे मलम चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून मनाई आहे, तरी मागणारे थांबत नाहीत. गोल, कडेने लाल चट्टा दिसला तर मी दाढी करत नाही, त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवतो.

कोरड्या दाढीवर फेस लावून लगेच सुरू होणं, हीही घाईच. केसाला पाणी पिऊ द्या. आंघोळीनंतर करा, नाहीतर ओला टॉवेल तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवा.

पाती टॉवेलला पुसू नका, धार जाते. धुवा, झटका आणि रेझर बाथरूमच्या बाहेर कोरड्या जागी उभं ठेवा. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून लोक एकाच मगात सगळी दाढी उरकतात. निदान शेवटची धुवण स्वच्छ पाण्याची असू द्या. दुधारी पाती मी चार दाढ्यांनंतर टाकतो. ती चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे.

तुरटी फिरवली की जंतू मेले, असं समजू नका. तुरटीने रक्त थांबतं, कातडी आवळते, एवढंच. दुकानातली एकच वडी दहा गालांवर फिरत असेल तर नको म्हणा. डेटॉल पाण्यात न मिसळता तसंच चेहऱ्यावर लावू नका, कातडी भाजते. स्पिरिट रेझरसाठी ठेवा.

दुकानात बसलात तर नवी अर्धी पाती तुमच्या डोळ्यांसमोर लावायला सांगा. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस जगू शकतो आणि रक्ताचा डाग दिसायलाच हवा असं नाही. बाजाराच्या दिवशी रांग लागली की आमच्यातलेही काही जण पाती बदलायचा कंटाळा करतात, हे मला माहीत आहे. मागायला लाजू नका, मला कुणी सांगितलं तर बरं वाटतं. घरातही बाप-लेकाचं रेझर वेगळं हवं.

आणि वापरलेली पाती उकिरड्यावर फेकू नका. कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो, गुरांच्या तोंडात जाते. झाकणाला चीर पाडलेला डबा ठेवा, मी तसाच ठेवतो, भरला की चिकटपट्टीने बंद करून वेगळा देतो.