बॅटरी उचलण्याआधी ती टेकवणार कुठे ते ठरवा

सोलरच्या बॅटऱ्या बसवायचं काम मी बरीच वर्षं करतोय. माझं पहिलं सांगणं हेच: बॅटरीला हात लावण्याआधी ती जिथे ठेवायची तिथे जा, जागा मोकळी करा आणि दोन जाड लाकडी पट्ट्या टाकून या. 150 एएचची (ॲम्पिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) ट्युब्युलर, म्हणजे आत नळ्यांच्या प्लेटी असलेली ॲसिडची बॅटरी, ॲसिडसकट 50 ते 65 किलो भरते. उचलताना सगळेच सावध असतात, बोटं चेंगरतात ती टेकवताना. माझी दोन बोटं एकदा बॅटरी आणि फरशीच्या मध्ये सापडली होती, पुढे दोन्ही नखं गळून पडली. पट्ट्यांवर टेकवली की खाली बोटांपुरती फट राहते.

आता वायरी. आधी पॅनेलकडून येणारा स्विच बंद, मग इन्व्हर्टर. नंतर निगेटिव्ह काढा, शेवटी पॉझिटिव्ह. अंगठी, घड्याळ, कडं उतरवून ठेवा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, कारण उघडा पाना दोन्ही टर्मिनलांवर आडवा पडला तर मोठी ठिणगी उडते, पाना तापतो आणि हात भाजतो. सुटलेल्या टर्मिनलांवर रबरी टोप्या चढवा. टर्मिनलला धरून बॅटरी कधीही उचलू नका.

व्हेंट प्लग, म्हणजे बॅटरीच्या वरच्या भोकांची झाकणं, घट्ट आहेत ना, दोरीची मूठ झिजलेली नाही ना, हे बघा. चष्मा, रबरी हातमोजे आणि पुढून कडक असलेले बूट हवेतच. बादलीभर स्वच्छ पाणी जवळ ठेवा. ॲसिड डोळ्यात गेलं तर नळाखाली निदान 15 मिनिटं डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

उचलायला दोघं, शक्यतो सारख्या उंचीचे. गुडघ्यात वाका, पाठ सरळ, बॅटरी अंगालगत. "एक, दोन, उचल" हे एकानेच म्हणायचं. वळताना कंबर पिळू नका, पावलं वळवा. सपाट जागी ट्रॉली असेल तर हाताने नेऊच नका, पट्ट्याने बांधून उभीच न्या. जिन्यात खालच्या माणसावर जास्त भार येतो, म्हणून ताकदीचा माणूस खाली. बॅटरी कलली तर ॲसिड व्हेंटमधून त्याच्याच अंगावर येतं. पुढची वाट बघायला तिसरा माणूस हवाच.

लिथियमच्या बॅटरीत सांडणारं ॲसिड नसतं, म्हणून लोक ती आपटत नेतात. ते फार धोक्याचं आहे. आतला सेल दबला तर शॉर्ट पुढे कधीतरी होतो. हातातून पडलेली लिथियम बॅटरी मी जोडत नाही. ती बाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवतो आणि कंपनीच्या माणसाला बोलावतो.