सुपलीचं प्रोजेक्ट करताय? दांडा राहू दे, आधी कड बघा

विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी कोणीतरी केर भरायची सुपली नव्याने डिझाइन करून आणतंच, आणि बघावं तर केलेलं काय, लांब दांडा लावलेला. अहो, दांड्याच्या सुपलीचं पेटंट अमेरिकेत लॉइड रे यांनी १८९७ मध्येच घेतलंय. वाकायचा त्रास वाचतो हे खरं, दांडा जरूर लावा, पण तेवढ्यालाच प्रोजेक्ट म्हणू नका.

घरात जे कोणी केर काढतं त्यांना आधी दोन दिवस नीट बघा. केर भरून झाला की सुपलीपुढे धुळीची एक बारीक रेघ उरते, मग सुपली मागे घ्यायची, परत झाडायचं, परत रेघ, आणि शेवटी आई ती ओल्या फडक्याने टिपते. तुम्हाला सोडवायचंय ते हे. प्लास्टिकची कड जाड असते आणि वापरून मधे वाकलेली असते, त्यामुळे बारीक धूळ ती पायरी चढतच नाही, फटीतून खाली जाते.

त्या कडेला लावायला सायकलच्या जुन्या ट्यूबची ३ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, सुपलीच्या तोंडाएवढी लांब. आतली पावडर धुवून वाळवा.

आता पट्टी बसवणं, आणि इथे घाई करू नका. नेटवर सगळे सांगतात गोंदाने चिकटवा. नका चिकटवू! बऱ्याच सुपल्या पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या असतात, त्याला गोंद धरतच नाही. मी काचपेपर मारून, दोन्हीकडे फेविबॉन्ड लावून, वर रात्रभर वजन ठेवून सगळं करून बघितलं, आणि ऐन प्रदर्शनाच्या सकाळी पट्टी अख्खी हातात आली, पोरीच्या डोळ्यात पाणी. तेव्हापासून मी पट्टी शिवूनच घेते. सुई पक्कडीत धरून तापवा (मोठं माणूस शेजारी हवंच), कडेपासून दीड सेंटिमीटर आत ओळीने भोकं पाडा आणि नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट शिवा. स्क्रू लावलात तर त्याची डोकी खाली फरशीला टेकतात आणि कड परत उचलली जाते.

दुसरी चूक सगळ्यांचीच होते, पट्टी उलटी लागते. ट्यूबला मूळचा बाक असतो, तर आतली बाजू खाली ठेवा म्हणजे पुढची कड आपोआप फरशीकडे झुकते. उलटी लावली की ती वर वळते आणि सगळी मेहनत फुकट. पट्टी कडेच्या पुढे ५-६ मिलिमीटरच ठेवा, जास्त ठेवली तर सरकवताना आत दुमडते.

दांडा लावा, रंग द्या, ते तुमचं तुम्ही बघा.

टेस्टला १० ग्रॅम रांगोळी मोजून जमिनीवर टाका, एकदाच झाडून भरा, सुपलीतली परत वजन करा. असं पाच वेळा, जुन्या सुपलीने आणि नव्या सुपलीने, गुळगुळीत टाइल्सवर आणि शहाबादी फरशीवरही. शहाबादीवर आकडे कमी येतील, तेही वहीत तसेच लिहा. मग सुपली आठवडाभर आईच्या हातात द्या आणि ओलं फडकं अजून लागतंय का ते विचारा.