आक्रमक फळीच्या पाच जागा कशा भराव्यात

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमक फळीची (चेंडू आपल्याकडे असताना प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या पाच जणांची: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन्ही टोकांना टॅकल) बांधणी सेंटरपासून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. कारण क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूकडे, चेंडू सोपवणारा हाच खेळाडू प्रतिस्पर्ध्यांची मांडणी पाहून कोणी कोणाला अडवायचे, हे सहकाऱ्यांना सांगतो. त्यानंतर डावा टॅकल निवडावा. उजव्या हाताने फेक करणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ त्याच बाजूला असते, म्हणून तेथे लांब हातांचा आणि मागे सरकतानाही तोल न सोडणारा खेळाडू हवा. गार्डमध्ये मात्र अपुऱ्या जागेतही रेटा देण्याची ताकद पाहावी.

कॅन्सस सिटी चीफ्स या व्यावसायिक संघाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, दोन्ही नेहमीचे टॅकल नसताना हा संघ ९-३१ असा हरला आणि त्याला एकही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवणे) करता आला नाही. त्याच वर्षी त्यांनी गार्ड जो थूनीला करारमुक्त खेळाडूंमधून घेतले, टॅकल ऑर्लँडो ब्राउनला बाल्टिमोर रेव्हन्सकडून ड्राफ्टमधील (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवड प्रक्रियेतील) निवडींच्या बदल्यात मिळवले, तर सेंटर क्रीड हम्फ्रीला दुसऱ्या आणि गार्ड ट्रे स्मिथला चक्क सहाव्या फेरीत निवडले. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये या चौघांचा समावेश असलेल्या फळीने फिलाडेल्फिया ईगल्सला चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सवर एकही सॅक करू दिला नाही, म्हणजे फेक करण्याआधी त्याला एकदाही पाडू दिले नाही.

दोन्ही बाजूंना टॅकल म्हणून खेळू शकणारा राखीव खेळाडूही हंगामाआधीच तयार ठेवावा.