फॉरमॅटर लावताना या चुका टाळा

कोड रिव्ह्यूमध्ये 'इथे स्पेस दे', 'सिंगल कोट वापर' अशा कमेंट पडत असतील, तर लॉजिक बघायचं राहूनच जातं. स्पेस-कोट बघायला फॉरमॅटर असतो, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं टूल: पायथॉनसाठी ब्लॅक आहे, जावास्क्रिप्टसाठी प्रेटिअर. इन्स्टॉल करायला पाच मिनिटं पुरतात. घोळ होतो तो त्यानंतर.

सगळ्यात महागात पडते ती बग-फिक्सच्या कमिटमध्येच अख्खी फाइल फॉरमॅट करण्याची घाई. बदल तीन ओळींचा, डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) चारशे ओळींचा. रिव्ह्यू करणारा नीट न वाचताच अप्रूव्ह करून टाकतो. फॉरमॅटिंगची कमिट वेगळी ठेवा, त्यात लॉजिकला हात लावू नका. त्याआधी उघडे पुल रिक्वेस्ट (मर्ज व्हायचे राहिलेले बदल) मर्ज करून घ्या, नाहीतर सगळी टीम कॉन्फ्लिक्ट सोडवत बसेल.

'आता ब्लेममध्ये सगळीकडे माझंच नाव दिसणार' ही तक्रार रास्त आहे (ब्लेम म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी गिटची कमांड), पण त्यावर उपाय आहे. 2019 मध्ये आलेल्या गिट 2.23 पासून ब्लेमला ठरावीक कमिट वगळायला सांगता येतात. 'डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्हज' या फाइलमध्ये फॉरमॅटिंगच्या कमिटचा पूर्ण हॅश (तिचा ओळख-क्रमांक) लिहा. रूटमधली ही फाइल गिटहब आपोआप वाचतं. आपल्या मशीनवर मात्र गिट कॉन्फिगमध्ये तिचं नाव द्यावं लागतं. हॅश मर्ज झाल्यानंतरचाच घ्या. स्क्वॉश केल्यावर (अनेक कमिटची एक केल्यावर) तो बदलतो, आणि जुना लिहिला असेल तर काहीच वगळलं जात नाही.

लॅपटॉपवर पास, सीआयमध्ये (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) फेल? आधी व्हर्जन बघा. प्रेटिअर 3 मध्ये ट्रेलिंग कॉमाचा डिफॉल्टच बदलला; ब्लॅकची स्टाइलही नव्या वर्षाच्या पहिल्या रिलीजमध्ये बदलू शकते. व्हर्जन पिन करा (सगळीकडे एकच ठरवून ठेवा), अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत.

फक्त विंडोजवाल्यांकडेच प्रत्येक फाइलवर एरर येत असेल, तर दोष बहुतेक वेळा लाइन एंडिंगचा असतो. विंडोजवर गिट चेकआउट करताना ओळीच्या शेवटी सीआरएलएफ (दोन अदृश्य अक्षरं) घालतं, प्रेटिअरला हवा एलएफ (एकच). गिटअॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये एलएफ सक्तीचा करा.

ईएसलिंट (जावास्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं टूल) आणि प्रेटिअर एकमेकांचे बदल उलटवत असतील, तर ईएसलिंटचे आड येणारे नियम बंद करणारं ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटिअर त्याच्या कॉन्फिगच्या यादीत सर्वांत शेवटी टाका.

आणि फक्त प्री-कमिट हुकवर (कमिट करण्याआधी आपल्या मशीनवर आपोआप चालणाऱ्या तपासणीवर) विसंबू नका. शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉयच्या घाईत कुणीही नो-व्हेरिफाय देऊन तो टाळतो. तीच तपासणी सीआयमध्ये चेक मोडमध्ये (फाइल न बदलता फक्त तपासणाऱ्या) चालवा, आणि ती पास झाल्याशिवाय मेन ब्रँचवर मर्ज होऊ देऊ नका.