वाय-फाय जोडलेले, तरी वेबसाइट उघडेना: स्टॅटिक आयपी आणि डीएनएस असे तपासा

नवा राउटर बसला, घरातले मोबाइल चालू झाले. एका लॅपटॉपवर मात्र वाय-फाय जोडलेले दिसते आणि वेबसाइट काही उघडत नाही. बाकी सगळे चालते, म्हणजे लाइन ठीक आहे. तक्रार नोंदवण्याआधी लॅपटॉपची सेटिंग बघा. स्टॅटिक आयपी म्हणजे यंत्राला हाताने घालून दिलेला कायमचा नेटवर्क-पत्ता, आणि डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा.

१. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' ही कमांड द्या (टाइप अर्थातच इंग्रजीत). 'डीएचसीपी एनेबल्ड'समोर (डीएचसीपी म्हणजे राउटरने आपोआप पत्ता देणे) 'नो' असेल, तर पत्ता कुणीतरी हाताने घातलेला आहे. आता 'डीफॉल्ट गेटवे', म्हणजे लॅपटॉपने धरलेला राउटरचा पत्ता, बघा. जुना राउटर १९२.१६८.१.१ वर होता आणि नवा १९२.१६८.०.१ वर आला, तर १९२.१६८.१.५० हा पत्ता धरून बसलेला लॅपटॉप नव्या राउटरशी बोलूच शकत नाही. राउटर बदलल्यावर पहिला संशय इथेच घ्यावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद-चालू करून पुन्हा जोडा.

२. आधी नव्या राउटरला, मग ८.८.८.८ ला (गूगलचा डीएनएस सर्व्हर) आणि शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला पिंग करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' लिहून पुढे तो पत्ता किंवा नाव द्या आणि उत्तर येते का बघा. आकड्यांना उत्तर येते, पण नाव सापडत नाही, तर दोष डीएनएसचा.

३. सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या हार्डवेअर प्रॉपर्टीजमध्ये जा. 'आयपी असाइनमेंट' आणि 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' दोन्ही 'ऑटोमॅटिक' करा. एकच बदलून दुसरे तसेच राहते, आणि माणूस तासभर चाचपडत बसतो. मग लॅपटॉपने साठवलेली जुनी डीएनएस उत्तरे पुसायला 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' चालवा. तरीही नावे उघडत नसतील, तर डीएनएसमध्ये गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ घालून बघा. ब्राउझरमधला 'सिक्युअर डीएनएस' आणि अँड्रॉइडवरचा 'प्रायव्हेट डीएनएस' हेही तपासा. त्यांत वेगळा सर्व्हर ठरवलेला असेल तर इथले आकडे बाजूलाच राहतात.

प्रिंटर किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला कायमचा पत्ता हवाच असतो. तो त्या यंत्रात न घालता राउटरच्या डीएचसीपी पानावर 'ऍड्रेस रिझर्व्हेशन' करून द्यावा, असे माझे ठाम मत आहे. तिथे यंत्राचा मॅक ऍड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख-क्रमांक) आणि हवा तो आयपी लिहायचा, बस्स. एकच पत्ता दोघांना जाण्याची भीती उरत नाही आणि सगळी यादी एका जागी दिसते. मोबाइलसाठी असे करायचे असेल, तर त्या वाय-फायपुरता 'रँडम मॅक' (खऱ्याऐवजी बनावट मॅक ऍड्रेस दाखवणारी सोय) आधी बंद करा, नाहीतर राउटर त्याला ओळखेलच असे नाही.