रक्तमुखाचं तोंड

माकड आणि मगरीची गोष्ट मी आजीकडून ऐकली, गंगाखेडला. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळं गोष्टीतली नदी म्हणजे आपल्या घाटाखालचीच, हे डोक्यात पक्कं बसलेलं. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात तिचं सोळा पानांचं कॉमिक काढायला घेतलं. तुम्हीही पहिलंच काढणार असाल तर माझा अनुभव कामाला येईल.

मूळ गोष्ट आधी वाचा. मी ती न वाचताच वेरूळला जाऊन दोन दिवस काळतोंड्या वानरांची स्केचेस केली. सहा पानांवर शाई फिरवून झाल्यावर आमच्या संस्कृतच्या बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं, त्याचं नाव रक्तमुख आहे." पंचतंत्रातल्या लब्धप्रणाश या चौथ्या तंत्रात माकड रक्तमुख, मगर करालमुख, आणि जांभळाचं झाडही समुद्रकाठी. नदी मी ठेवली, कारण ती आजीची होती. तोंड मात्र बदललं. सहा पानं पुन्हा काढावी लागली. पण त्यातून एक गोष्ट कळली. वानराचं तोंड काळं भरलं की डोळे, भुवया, ओठ सगळं त्या काळ्यात बुडतं. लाल तोंड काळ्या-पांढऱ्या चित्रात कागदाचं पांढरंच सोडता येतं, आणि या गोष्टीत माकडाची भीती दिसली नाही तर उरतं काय?

ती भीती कुठल्या पानावर येणार, हे पेन्सिल धरण्याआधी ठरवा. चार ए-फोर कागद मध्ये दुमडले की सोळा पानांची वही होते. विषम पान उजवीकडं, सम पान उलटल्यावर. नवव्या पानाच्या तळाला माकड मगरीच्या पाठीवर मजेत बसलंय, पान उलटलं की दहाव्यावर मगर सांगतो, बायकोला तुझं काळीज पाहिजे. मी आधी हे आठव्या-नवव्या पानावर समोरासमोर काढलं होतं. वाचणाऱ्याची नजर आधीच उजवीकडं जायची, धक्का फुकट जायचा.

नदीतल्या प्रवासाला चौकटी नकोत. हे मी अजिंठ्याला शिकले. 17 नंबरच्या लेण्यात महाकपि जातक आहे, त्यात चौकटी न आखता एकाच भिंतीवर गोष्ट पुढं सरकते. मीही दोन पानांवर एकच पाणी काढलं आणि त्यात मगर तीनदा, दर वेळी किनाऱ्यापासून जास्त लांब.

आता अक्षरं. इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगते. चित्र पूर्ण करून उरलेल्या जागेत संवादाचा फुगा कोंबू नका. आधी संवाद लिहा, त्याभोवती फुगा काढा, मग चित्र. देवनागरीत वेलांटी आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. दोन ओळींत तेवढं अंतर ठेवलं नाही तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मी पट्टीनं शिरोरेषेच्या फिक्या ओळी आखते आणि अक्षरं त्यांना टांगते. "काळीज तर झाडावरच राहिलंय की!" एवढं वाक्य तीन ओळींत बसवायला मला अर्धी संध्याकाळ लागली. शेवटी "तर" गाळला. वाक्य उलट बरं झालं.

शाई वॉटरप्रूफच घ्या, नाहीतर वरून ब्रश फिरवला की सगळं पसरतं. मूळ पान ए-फोरवर काढून झेरॉक्सला 71 टक्के केलं की ए-फाइव्ह होतं. त्यात बारीक रेघा तुटतात, म्हणून निब थोडं जाड ठेवा. एकाच पानाची झेरॉक्स आधी काढून बघा, सगळ्यांची एकदम नको.

शेवटच्या चौकटीत मगरीच्या तोंडी मी मोठं वाक्य लिहिलं होतं. आजीला दाखवलं तर म्हणाली, "मित्र गेला त्याचा. आता काय बोलंल तो?" फुगा खोडला. पाण्यावर फक्त दोन डोळे आणि नाकपुड्या ठेवल्या, आणि शेजारी तरंगणारं एक जांभूळ.