अली की टायसन? आधी तारीख ठरवा

वेगवेगळ्या काळांतले दोन बॉक्सर समोरासमोर आले तर जिंकेल कोण? शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हा वाद पेटला की आधी वर्ष विचारा. नोव्हेंबर १९६६ चा अली आणि जून १९८८ चा टायसन, ही खरी जोडी. १९८० चा थकलेला अली घेतलात तर लढत तिथेच संपली.

मग लढत किती फेऱ्यांची ते ठरवा. इथेच बहुतेक जण चुकतात. १९५२ मध्ये हेवीवेट बॉक्सर रॉकी मार्सियानो बारा फेऱ्यांनंतर गुणांवर मागे होता, तेराव्या फेरीत त्याने प्रतिस्पर्धी वॉलकॉटला झोपवलं. आजच्या बारा फेऱ्यांत तो हरलाच असता!

वजनाशी खेळू नका. मार्सियानो सुमारे ८४ किलोचा, त्याच्या कितीतरी नंतरचा हेवीवेट लेनॉक्स लुईस ११० च्या आसपास, वर हाताचा पल्ला ८४ इंच. मार्सियानोला मनातल्या मनात फुगवलंत, तर त्याचा दमसासही कमी धरा.